गुरप्पाकाकांनी पास केलेली गाडी

सोलापुरात कुणी जुनी गाडी घ्यायला निघालं की लोक मॉडेल नंतर विचारतात. आधी विचारतात, "बघायला कोण हाय संगट?" एकट्यानं जाऊन जुनी गाडी घेणारा माणूस आमच्याकडे एक तर फार श्रीमंत समजला जातो, नाही तर फार येडा. आम्ही दोन्हींतले नव्हतो. म्हणून मी गुरप्पाकाकांच्या दाराची कडी वाजवली.

काका मूळचे दुधनीचे. घरात कन्नड, बाहेर मराठी आणि रागावले की दोन्ही एकदम. एसटीच्या वर्कशॉपमध्ये चौतीस वर्षं काढून रिटायर झाले, आता सदुसष्टीचे आहेत. जुळे सोलापुरात आमच्या मागच्या गल्लीत राहतात. अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशात छोटी बॅटरी आणि काखेत घडी घातलेलं एक पोतं. पोतं कशाला, तर गाडीखाली आडवं व्हायला. गाडी बघून द्यायचे पैसे घेत नाहीत. कुणी नारळ दिला तर घेतात, आणि तो सोलून मिळाला तर जास्त खूश होतात.

त्यांची बघायची पद्धत आख्ख्या सोलापूरला माहीत आहे. दहाची वेळ ठरली की हे नवालाच हजर, म्हणजे मालकाला इंजिन गरम करून ठेवायला सवड मिळत नाही. दाराचं रबर सोलून आतले जोड बघणार. गालिचा उचलून वास घेणार. तोंडावर मात्र चांगलं-वाईट काहीही बोलणार नाहीत. मालकासमोर त्याच्या गाडीला नावं ठेवणं काकांना पाप वाटतं. "त्याच्या पोराबाळांनी त्या गाडीत बसून देवदर्शन केलंय की बाई. आपण कोण बोलणारे?" मग कळायचं कसं? चहावरून. काकांनी मालकाचा चहा घेतला म्हणजे गाडी पास. "चहा नको, पित्त होतंय," म्हणाले की आपण चपला घालायच्या. गाड्यांच्या बाजारातले लोक आता इतके तयार झालेत की काका फाटकात दिसले की आधी चहाच पुढे करतात. काका हलत नाहीत.

मी ऋतुजा, शहरातल्या एका शाळेत सायन्स शिकवते आणि जिभेची जरा तिखट आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे माझं जे काही झालं ते जिभेनंच झालं.

गाडी हवी होती माझ्या वडिलांसाठी. आमची वस्ती मोडनिंबपासून आत आहे. डांबरी संपली की अडीच किलोमीटर काळ्या रानातून कच्ची वाट आणि मधे एक ओढा. उन्हाळ्यात त्या वाटेनं माझी स्कूटीसुद्धा जाते. पावसात मात्र ती काळी माती चाकाला धरली की सोडायचं नाव घेत नाही. आणि आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, आठवड्यातून दोनदा सोलापुरात डायलिसिसला यावं लागतं. मंगळवार आणि शुक्रवार. गेल्या वर्षी सप्टेंबरात वाट तीन दिवस बंद झाली. ट्रॅक्टरची ट्रॉली ओढ्याच्या चढाला तिरकी झाली, आणि शिवराजनं, माझ्या धाकट्या भावानं, आबांना पाठुंगळी घेऊन परत घरी नेलं. डायलिसिसची एक पाळी चुकली. पाणी उतरल्यावर आणलं तेव्हा छातीत पाणी साठलं होतं, चार दिवस आयसीयूत काढले. डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. "मॅडम, एकही पाळी चुकवायची नाही. पुन्हा असं झालं तर माझ्या हातात काही राहणार नाही."

तुम्ही म्हणाल, सोलापुरात आणून ठेवा की. ठेवलं होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या दोन खोल्यांत आबा नऊ दिवस टिकले. दहाव्या दिवशी स्वतःची पिशवी भरून दाराशी बसले. "म्हशीला माझ्याबिगर करमत न्हाय," म्हणाले. आईकडे, म्हणजे वच्छलाबाईंकडे, बघून मी म्हटलं, तू तरी समजाव. तर ती पण पिशवीच भरत होती! गाडी घ्यायचं काढल्यावर आबांचं वेगळंच. "माझं काय राह्यलंय आता? मरणाऱ्यासाठी गाडी घेता व्हय?" हे ते हसत हसत म्हणायचे, डायलिसिसच्या नर्सलाही असंच काहीबाही सांगून हसवायचे, आणि माझं मात्र डोकं उठायचं.

ठरलं असं की चारी चाकांना जोर असणारी गाडी घ्यायची. साध्या गाडीत इंजिनचा जोर दोनच चाकांना जातो. चिखलात ती दोन फिरली की बाकीची दोन नुसती बघत बसतात. फोर-बाय-फोरमध्ये चारीच्या चारी ओढतात. शिवाय मागच्या सीटवर आबांना आडवं होता यावं, आई बसावी, दवाखान्याची पिशवी मावावी, एवढी मोठी हवी. नवी आवाक्यात नव्हती. जुनी पण भरवशाची, असं मी काकांना सांगितलं. काकांनी "चारी चाकं" हा शब्द ऐकून क्षणभर कान खाजवला आणि म्हणाले, "बघू की."

होटगी रोडला पहिली गाडी बघितली. आत नवीकोरी सीट कव्हरं, अत्तराचा घमघमाट. काकांनी मागचा सीट बेल्ट धरून शेवटपर्यंत ओढला. बेल्टच्या टोकाला चिखलाची सरळ रेघ. पुरात बुडालेली गाडी होती. काकांना लगेच पित्त झालं. विजापूर रोडच्या दुसऱ्या गाडीच्या मीटरवर अगदी थोडे किलोमीटर होते आणि ब्रेकच्या पेडलचं रबर मात्र झिजून गुळगुळीत. तिथंही पित्त. मी वैतागले. पाऊस माझ्यासाठी थांबणार होता का?

तिसरी गाडी अक्कलकोट रोडच्या चन्नवीरची. हा बोअर मारून देण्याची कामं घेतो. गाडी गडद निळी, सात जणांची, डिझेलवरची, एकाच हातात राहिलेली. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण कंपनीची त्यात काही चूक नव्हती. चन्नवीरनं बोअरच्या जागेवर रानात जायला म्हणून मुद्दाम फोर-बाय-फोर घेतली होती, पण रानात जायचा तो मोटरसायकलवर. गाडी जायची लग्नकार्याला. "ती चार चाकं लावायची येळच आली न्हाय बघा," तो अभिमानानं म्हणाला. आम्हालाही तो गुणच वाटला. न वापरलेली वस्तू म्हणजे नवी वस्तू, नाही का?

काका दीड तास त्या गाडीच्या खाली-वर करत होते. इंजिन पहिल्या झटक्यात चालू झालं, धूर स्वच्छ, आवाज गोड. शेवटी शिवराज म्हणाला, "काका, फोर-बाय-फोर?" काका ड्रायव्हरच्या सीटवर बसले, डॅशबोर्डवरची गोल कळ फिरवली. खाली कुठं तरी टक् वाजलं, समोर हिरवा दिवा लागला. काकांनी मुरमाच्या अंगणात गाडी दहा पावलं पुढं घेतली, दहा पावलं मागं. "लागलं की," म्हणाले. चन्नवीरच्या बायकोनं, काशम्मानं, चहा आणला आणि काकांनी घेतला. बशीत ओतून, फुंकर मारून, शेवटच्या थेंबापर्यंत. शिवराजनं मला कोपर मारलं. उठताना काकांनी पुन्हा एकदा वळून त्या कळीकडे बघितलेलं मला दिसलं होतं. पण मी आनंदात होते, मी कशाला विचारते!

कागदपत्रं झाली. वस्तीवर आईनं गाडीला हळदकुंकू लावलं, चारी चाकांखाली लिंबं ठेवली. चारी फुटली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आता लिंबू काय, गाडी नुसती ढकलली असती तरी फुटलं असतं, पण तेव्हा असं कुणाच्या डोक्यात येतंय?

महिनाभरानं, जूनच्या पहिल्या रविवारी, मी वस्तीवर असताना काका वाटेनं चालत येताना दिसले. न बोलावता, काखेत पोतं. मोडनिंबला एसटीनं उतरून उन्हात सगळं अंतर पायी आले होते. आईनं पाणी दिलं, ते बाजूला ठेवून त्यांनी आबांनाच विचारलं, "साहेब, विहिरीत पाणी किती हाय?"

"दोन तास मोटर चालती. का हो?"

"ते दोन तास मला द्या. ओढ्याजवळच्या वाटेवर सोडायचं. चिखल करायचाय."

शिवराज उडालाच. जूनचा पहिला आठवडा, पावसाचा पत्ता नाही, डाळिंबं माना टाकायला लागलेली, आणि हा माणूस विहिरीचं पाणी रस्त्यावर ओता म्हणतोय! "काका, डोकं ठिकाणावर हाय का? सोलापूर जिल्ह्यात पाणी रस्त्यावर सोडत्यात व्हय कुणी?"

"म्हणूनच सांगतोय," काका म्हणाले. "मे महिन्यात, गाडी घेताना, आपल्याकडं चिखल कुटं मिळतंय? गाडी मी मुरमावर बघितली. चिखलात बघितलीच न्हाय."

आबा बाजेवर बसून ऐकत होते. ते एवढंच म्हणाले, "सोड पाणी."

दोन तास पाइपानं पाणी सोडलं. शेजारच्या वस्तीवरचा येडूतात्या बघायला आला, मग त्याच्या घरची आली, मग आणखी चारदोन जण. काळ्या मातीनं पाणी पिऊन पिऊन फुगवटा धरला. शिवराजनं कळ फिरवली, टक् वाजलं, दिवा लागला. गाडी स्वतःच्या दुप्पट लांबीएवढी आत गेली आणि बसली. मागची चाकं भिंगरीसारखी फिरायला लागली, चिखलाचे फवारे येडूतात्याच्या धोतरावर. शिवराज खिडकीतून ओरडत होता, "दिवा तर लागलाय की! दिवा तर लागलाय!" काका पँट गुडघ्यापर्यंत वर करून पुढच्या चाकाशी उभे होते. ते चाक हललंसुद्धा नव्हतं.

काकांनी हात वर करून इंजिन बंद करायला लावलं. मग सगळ्यांसमोर, कुणाकडेही न बघता म्हणाले, "चूक माझी हाय. मला फोर-बाय-फोर येत न्हाय. जल्मात कधी खोलून बघितलं न्हाय. एसटीला चार चाकांचा जोर नसतंय."

मग माझी जीभ सुटली. काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही, लाज वाटते. पण एक वाक्य लिहिते, कारण ते मला अजून झोपू देत नाही. मी म्हटलं, "येत नव्हतं तर चहा कशाला ढोसलात? तुमच्या त्या एक कप चहापायी माझ्या बापाचा जीव जाईल, कळतंय का तुम्हाला?" सदुसष्ट वर्षांचा माणूस चिखलात उभा, चार लोक बघतायत, आणि मी बोलतेय. आई मला मागून ओढत होती. मी थांबले नाही.

पोरीला मायेनं कन्नडमध्ये हाक मारतात तसं काका म्हणाले, "कळतंय यव्वा. म्हणून तर आलो."

ट्रॅक्टरनं गाडी ओढून काढली. काकांनी किल्ली मागितली. आठवडाभर द्या म्हणाले. मी नाही म्हणून ओरडणार तेवढ्यात आबांनी किल्ली त्यांच्या हातात ठेवली. "जो चूक सांगाया पायी येतो, त्याला किल्ली द्यायची न्हाय तर कुणाला द्यायची?" असं आबा नंतर मला म्हणाले. मी दोन दिवस आबांशीही बोलले नाही.

पुढचं मला शिवराजकडून कळलं, कारण मी काकांना फोन करायचं सोडून दिलं होतं. काका गाडी घेऊन एकटे आजऱ्याकडे गेले. तिकडे डोंगर, धो धो पाऊस आणि लाल चिखल, त्यामुळे चारी चाकांच्या गाड्या रोजच्या वापरात. तिथल्या एका गॅरेजच्या तिशीतल्या मेकॅनिकला काकांनी सांगितलं, "मला शिकव. मी हातानं करतो, तू नुसतं सांग." चार दिवस त्या पोरगेल्या मिस्त्रीच्या हाताखाली पाने-पकडी चालवत, शिव्या खात काम केलं. दोष निघाला तो असा: पुढच्या चाकांना जोर जोडणाऱ्या यंत्रणेची एक रबरी नळी वाळून तडकली होती आणि चाकाला आसाशी जोडणारे मधले हब न वापरून आतल्या आत जाम झाले होते. दिवा लागायचा तो अर्ध्या वाटेवरच्या कामाचा. उरलेलं अर्धं काम पुढं होतच नव्हतं. चन्नवीरलाही हे ठाऊक नव्हतं, त्यानं कधी लावलंच नव्हतं. आणि मी? दिवा पेटला म्हणजे दिव्यापुरतं सर्किट पूर्ण झालं, याच्यापलीकडे त्यातून काही सिद्ध होत नाही, हे दर वर्षी सातवीच्या पोरांना मीच शिकवते. चन्नवीरच्या अंगणात तो हिरवा दिवा बघून खूश होणाऱ्यांत मीही होते.

गाडी दुरुस्त होऊन आली, आजऱ्याच्या चिखलातून काकांनी दहा वेळा काढून बघितली होती. पण आजऱ्याची माती लाल, आमची काळी. लाल माती निसटते, काळी गिळते. पुन्हा चिखल करून बघायला विहिरीत पाणी नव्हतं, आणि असतं तरी शिवराजनं दिलं नसतं. म्हणजे खरी परीक्षा पावसाच्या दिवशीच होणार होती, आणि परीक्षेला आबा बसणार होते.

पावसानं जून ते ऑगस्ट हूल दिली. वाट बंद होण्याइतका तो पडलाच नाही. दर सोमवारी आणि गुरुवारी संध्याकाळी काका शिवराजला फोन करायचे. "आभाळ कसं हाय?" एवढंच विचारायचे. मला गल्लीत दोनदा दिसले. दोन्ही वेळा मी मान फिरवली. त्यांच्याकडे गाड्या बघायला लोक यायचे थांबले होते म्हणे. की त्यांनीच थांबवले होते, ते काही कळलं नाही.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस सुरू झाला आणि तीन दिवस थांबलाच नाही. मंगळवारी सकाळी सव्वाआठला शिवराजचा फोन आला. "ताई, ओढ्याला पाणी हाय, पण उतरण्याजोगं. निघतोय." त्यानंतर फोन लागेना. दहाची पाळी होती. शाळेत अर्जसुद्धा न देता मी नऊ वाजताच दवाखान्याच्या फाटकात जाऊन उभी राहिले.

फाटकाच्या आत, औषधाच्या दुकानाच्या पत्र्याखाली काका उभे होते. छत्री मिटलेली, पँट घोट्यापर्यंत भिजलेली. मला बघून त्यांनी मान खाली घातली. मी पण दुसऱ्या टोकाला जाऊन उभी राहिले. साडेनऊ झाले, दहा झाले. नर्स येऊन विचारून गेली. मी म्हटलं, येतायत. सव्वादहा. शिवराजचा फोन अजून बंद. रस्त्यावरून येणारी प्रत्येक गडद गाडी मला निळी दिसत होती. सात हातांवर काकाही फाटकाकडेच मान लांबवून बघत होते. शेवटी मी सरकत सरकत त्यांच्याजवळ गेले.

"काका, त्या दिवशी चन्नवीरकडं तुम्ही सांगितलं का नाही? येत नाही म्हणून?"

ते मिटलेल्या छत्रीचं पाणी झटकत म्हणाले, "चौतीस वर्षं आणि वर सात वर्षं, लोक मला विचारतात, काका, गाडी कशी हाय? तुला येतंय का, असं कुणी विचारलंच न्हाय बघ. मग मला पण विचारायची सवय ऱ्हायली न्हाय." मग म्हणाले, "चहा हातात घेतला तवाच कळलं हुतं. पण ती बाई पुढं उभी, तुमी सगळे माझ्या तोंडाकडं बघताय. पिऊन टाकलं."

वर्गात एखादं पोरगं असं काही विचारतं की ज्याचं उत्तर मला येत नाही. तेव्हा मी काय करते? "तो भाग आपल्याला पुढच्या वर्षी आहे," म्हणते आणि फळ्याकडे वळते. एकोणीस वर्षांत एकदाही "मला माहीत नाही" म्हटलेलं नाही. आणि काकांनी ते चिखलात उभं राहून चार लोकांसमोर म्हटलं होतं, तेही कुणी धरून आणलेलं नसताना. मी त्यावर काय केलं? ओरडले. माणसाला 'येत नाही' म्हणायला जागाच ठेवायची नाही, आणि त्यानं तरीही म्हटलं की त्याला फाडून खायचं. आम्ही सगळे असेच आहोत. भरवशाचा माणूस म्हणून कुणाला डोक्यावर घेतो, तेव्हा त्याची चुकायची सोयच काढून घेतो.

"काका, मी जे बोलले ते..."

"गाडी येऊ दे आधी," काका म्हणाले.

दहा पस्तीस. फाटकातून एक गाडी आत वळली. तिला रंगच नव्हता. चिखलाचीच केल्यासारखी ती गाडी होती, काचेवर वायपरनं पुसलेल्या दोन फाका तेवढ्या उघड्या. शिवराजनं दार उघडून उडी मारली, अंगभर चिखल. मी मागच्या दाराकडे धावले. आई आबांचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. आबा शुद्धीत होते, दम थोडा लागला होता, पण मला बघून त्यांनी हात हलवला. मी तिथेच रडायला लागले. वॉर्डबॉय व्हीलचेअर घेऊन आला, आम्ही आबांना खाली घेतलं.

काका आबांकडे आलेच नाहीत. ते भर पावसात पुढच्या चाकाशी उकिडवे बसले होते. चाकाच्या वर, मडगार्डच्या आत त्यांनी हात घातला आणि मूठभर काळा चिखल काढला. मग दुसऱ्या बाजूला जाऊन तिथूनही काढला. "पुढच्यानं फेकलाय," ते स्वतःशीच म्हणाले. "दोनी पुढच्यांनी फेकलाय." मग उठून शिवराजला, "कुटं लावलास चारी?"

"घरापासनंच. ओढ्याच्या चढाला दोनदा थांबली काका, वाटलं गेली. मग असा दणका देऊन वर आली!"

"आणि डांबरीला आल्यावर काढलास ना?"

शिवराजनं जीभ चावली. मोडनिंबपासून सोलापूरपर्यंत, आख्खा हायवे, पोरगं चारी चाकं लावूनच आलं होतं.

काकांचा जो आवाज निघाला तो चौकापर्यंत गेला असेल. निम्मं कन्नड, निम्मं मराठी. डांबरीवर चारी चाकं जोडून पळवली की आतले दाते एकमेकांना खातात, टायर झिजतात, एवढं मला त्यातून समजलं. बाकीचं समजलं नाही तेच बरं. वॉचमन बघायला आला. शिवराज मान खाली घालून ऐकत होता. तेवढ्यात व्हीलचेअरवरून आबांचा बारीक आवाज आला.

"त्याला बोलू नका. तो काढत हुता. मीच नको म्हणलो."

"का पण साहेब? गाडी मोडल की!"

आबांनी माझ्याकडे बघितलं, आईकडे बघितलं. नर्सला हसवणारे आबा. पण आता हसत नव्हते.

"भ्या वाटत हुतं," आबा म्हणाले. "ऱ्हाऊ दे म्हणलो, चारीच्या चारी ऱ्हाऊ दे. आजची पाळी चुकवायची न्हवती मला. मला अजून ऱ्हायचंय."

आईनं पदर तोंडाला लावला. इतकी वर्षं आबांबरोबर राहून हे तिलाही कळलं नव्हतं, हे तिच्या डोळ्यांत दिसत होतं. शिवराज रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला. काका मात्र आबांच्या व्हीलचेअरपाशी येऊन त्यांच्या गुडघ्याशी बसले, चिखलाचे हात अंगापासून लांब धरून.

"मला बी वाटत हुतं साहेब," ते म्हणाले. "तीन महिने झाले."

मग आम्ही आबांना आत नेलं.